हसायला काय पाहू? विनोदी मालिकांकडे नव्याने वळणाऱ्यांसाठी

“काहीतरी हलकंफुलकं सांग ना पाहायला,” असं कोणी म्हटलं की आपण एका दमात दहा नावं सांगून मोकळे होतो. ऐकणारा त्यातलं सगळ्यात गाजलेलं नाव उचलतो, पहिला भाग लावतो, दहा मिनिटांत मोबाइल हातात घेतो आणि ‘जुन्या मालिका आता नाही हसवत बुवा’ असा निकाल देतो. मालिका चांगली असते, बघणाऱ्यालाही विनोद कळत असतो. सुरुवात तेवढी भलत्या ठिकाणाहून झालेली असते.

हा लेख अशा मंडळींसाठी आहे ज्यांनी हिंदी-मराठी विनोदी मालिका रीलमधल्या तीस सेकंदांच्या तुकड्यांपलीकडे पाहिलेल्या नाहीत. मी या दोन भाषांपुरतंच बोलणार आहे. इंग्रजी मालिकांच्या याद्या पैशाला पासरी मिळतात. शिवाय हिंदी विनोदी मालिकांवर मराठी माणसाचा थोडा हक्कच आहे. रीमा लागू, अशोक सराफ, भारती आचरेकर, सुप्रिया पिळगावकर, आसावरी जोशी, सुमीत राघवन ही नावं वगळली तर त्या मालिकांची घरं अर्धी रिकामी होतील.

पायरी पहिली : मालिका रोजची की आठवड्याची, ते आधी बघा

कलाकार, वाहिनी, आयएमडीबीवरचे गुण हे सगळं नंतर. आधी एवढंच शोधा की मालिका आठवड्यातून एकदा लागायची की रोज. विनोदी मालिकेचा दर्जा जितका यावर ठरतो तितका दुसऱ्या कशावरही ठरत नाही, असं माझं पक्कं मत आहे.

कारण सरळ आहे. विनोद लिहायला वेळ लागतो, आणि लिहिलेला अर्धा फेकून द्यायला त्याहून जास्त लागतो. ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर मालिका आठवड्याला एक भाग या चालीने यायच्या, आणि तेरा भाग ही तेव्हाची नेहमीची मोजणी होती. पुढे उपग्रह वाहिन्या आल्या, २००० मध्ये ‘क्योंकि सास भी कभी बहू थी’ सुरू झाली आणि रोजच्या मालिकांचं राज्य आलं. तरी विनोदी मालिका आणखी काही वर्षं आठवड्याच्याच राहिल्या. ‘ऑफिस ऑफिस’, ‘खिचडी’, ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’, ‘साराभाई वर्सेस साराभाई’ या सगळ्या त्या काळातल्या, म्हणजे २००१ ते २००६ च्या दरम्यानच्या. आपल्याकडच्या टीव्हीवरच्या विनोदाचा तो सगळ्यात चांगला काळ असं मी म्हणेन. दूरदर्शनचे चाहते भांडायला येतील, येऊ देत.

रोजचा भाग द्यायचा म्हटलं की काय होतं ते कोणतीही रोजची विनोदी मालिका दहा मिनिटं पाहून कळतं. एक वाक्य होतं, मग खोलीतल्या प्रत्येकाच्या चेहऱ्यावर कॅमेरा फिरतो, मागे ‘टँण टँण’ वाजतं, मग दुसरं वाक्य. दोन मिनिटांचा प्रसंग वीस मिनिटं ताणलेला असतो. पात्रांना पालुपदं चिकटवलेली असतात, कारण पालुपद नव्याने लिहावं लागत नाही.

‘तारक मेहता का उल्टा चष्मा’ हे याचं उत्तम उदाहरण. जुलै २००८ मध्ये सुरू झालेल्या या मालिकेने चार हजार भागांचा टप्पा कधीच ओलांडला आहे. मूळ मालमसाला अस्सल होता : गुजराती ‘चित्रलेखा’ साप्ताहिकातलं तारक मेहता यांचं गाजलेलं सदर. पहिली दोन-तीन वर्षं बघा, खरंच छान आहेत. दिलीप जोशींचा जेठालाल, दिशा वकानींची दया, आणि आपले भिडे मास्तर, म्हणजे शिकवण्या घेणारे, सोसायटीचे ‘एकमेव सेक्रेटरी’, सखाराम नावाच्या स्कूटरवर जीव टाकणारे. मंदार चांदवडकरांनी हा कोकणी काटेकोरपणा इतका नेमका पकडला आहे की कुठल्याही हाउसिंग सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत तो माणूस ओळखता येईल. पण पुढच्या हजारो भागांत हात घालू नका. नव्याने येणाऱ्याने इथून सुरुवात केली तर ‘विनोदी मालिका म्हणजे हे’ असा समज कायमचा बसतो.

तर ढोबळ नियम असा. एकूण भाग शंभर-दीडशेच्या आत असतील तर बिनधास्त सुरू करा. आकडा हजारात असेल तर सुरुवातीची वर्षं पाहून उठा.

पायरी दुसरी : पहिली मालिका आपल्या घरासारख्या घरातली घ्या

मराठी वाचणाऱ्या माणसाला माझी पहिली शिफारस नेहमी ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ची असते. अल्फा मराठीवर, म्हणजे आजच्या झी मराठीवर, २००१ ते २००४ या काळात लागायची. दिग्दर्शन केदार शिंदेंचं. आधार दिलीप प्रभावळकरांच्याच ‘अनुदिनी’ या लेखनाचा, म्हणजे टिपरे कुटुंबाच्या रोजनिश्यांचा. आबा (स्वतः प्रभावळकर), मुलगा शेखर, सून श्यामल, नातवंडं शिऱ्या आणि शलाका एवढाच संसार. खलनायक नाही, घराण्याचा दागिना नाही, कोणी जिन्यावरून पडून स्मृती गमावत नाही. शेजारच्या हिंदी वाहिन्यांवर सासवा-सुनांची कारस्थानं जोरात असताना या घरात फार तर कुणाचा परीक्षेचा निकाल, कुणाचा नवा हट्ट, कुणाच्या ऑफिसातली कुरबुर असायची.

आबांकडे नीट बघा. प्रभावळकरांचा जन्म १९४४ चा, म्हणजे मालिका सुरू झाली तेव्हा साठीही आलेली नव्हती. त्यांनी उभा केलेला म्हातारा मात्र आतून-बाहेरून म्हातारा आहे. तो लाडावलेला आजोबा नाही आणि कीर्तनकारही नाही. कुतूहल शाबूत असलेला, थोडा आगाऊ, सुनेच्या बाजूने उभा राहणारा माणूस आहे. राजन भिसे आणि शुभांगी गोखले यांचं नवरा-बायकोचं वागणं तर कित्येकदा विनोदासारखं वाटतच नाही. दोघं नुसते बोलतात, आणि आपल्या घरात काल हेच बोलणं झालं होतं हे आठवून हसू येतं. विकास कदमचा शिऱ्या आणि रेश्मा नाईकची शलाका यांची भांडणंही तशीच, कोणत्याही भावाबहिणीची.

इथून सुरुवात करायला सांगतो याचं कारण एवढंच की या मालिकेत नव्या माणसाला काही समजून घ्यावं लागत नाही. भाषा आपली, घर आपलं, पोह्यांवरून होणारे वादही आपलेच. विनोदी मालिका बघणं म्हणजे मुळात चार-पाच माणसांशी ओळख वाढवणं, ही सवय इथे आपोआप लागते.

दूरदर्शनच्या जमान्यातलं याचं पूर्वसूत्र म्हणजे ‘चिमणराव-गुंड्याभाऊ’. मुंबई दूरदर्शन १९७२ मध्ये सुरू झालं आणि त्याच दशकाच्या उत्तरार्धात प्रभावळकर चिमणराव आणि बाळ कर्वे गुंड्याभाऊ होऊन घराघरांत गेले. चि. वि. जोशींच्या मूळ कथा तर वाचायलाच हव्यात. मालिकेपेक्षा त्या मिळवणं सोपं आहे.

पायरी तिसरी : दोन भागांवर निकाल देऊ नका

आता हिंदीकडे. ‘साराभाई वर्सेस साराभाई’ नोव्हेंबर २००४ मध्ये स्टार वनवर सुरू झाली. भाग जेमतेम सत्तर. चालू होती तेव्हा फार मोठा प्रेक्षक नव्हता. खरं प्रेम मिळालं ते नंतर, पुनःप्रक्षेपणांत आणि इंटरनेटवर.

गोष्ट सांगायला गेलं तर काहीच नाही. कफ परेडला राहणारं श्रीमंत गुजराती कुटुंब. माया, म्हणजे रत्ना पाठक शाह, ही उच्चभ्रूपणाची देवता. तिची सून मोनिशा नोएडाची, सवलतीच्या मागे धावणारी, घर पसरून ठेवणारी. तिचं मूळ नाव मनीषा, पण ते फार मध्यमवर्गीय वाटतं म्हणून मायाने लग्नानंतर मोनिशा केलं. या एका तपशिलात अख्खी मालिका मावते. मायाचा धाकटा मुलगा रोसेश कविता करतो, आणि त्या कविता कानांवर अत्याचार करतात. नवरा इंद्रवदन, म्हणजे सतीश शाह, दिवसभर या मुलाची खोडी काढण्यात आणि बायकोला डिवचण्यात गुंग. मधे बिचारा थोरला मुलगा, मोनिशाचा नवरा साहिल, सुमीत राघवनचा. त्याचं काम सगळ्यात कठीण आहे. चार वेड्यांमध्ये शहाण्या माणसाने केवळ चेहऱ्यावर हसवायचं, आणि तो ते करतो.

पहिल्या एक-दोन भागांत हे सगळं नुसतंच विचित्र वाटेल. माया किती दुष्ट आहे असंही वाटेल. थांबा. रत्ना पाठक शाह जेव्हा ‘मिडल क्लास’ हे दोन शब्द उच्चारतात, तेव्हा पहिल्यांदा हसू येत नाही. पाचव्यांदा येतं, कारण तोवर मोनिशा काय करणार आणि मायाची भुवई कुठे जाणार हे आपल्याला आधीच ठाऊक असतं. विनोदी मालिकेतलं निम्मं हसू हे अंदाज खरा ठरल्याचं असतं. म्हणूनच रीलमध्ये पाहिलेला तुकडा आणि तोच तुकडा तिसाव्या भागात पाहणं यांत फरक पडतो. कानाला कमी ऐकू येणारे मधुसूदन फुफा, आणि घरातल्या यंत्रांची शस्त्रक्रिया करत सुटणारा जावई दुष्यंत ही पात्रं तर ओळखीशिवाय चालतच नाहीत. दुष्यंत झालेले देवेन भोजानी हेच मालिकेचे दिग्दर्शक, हे कळल्यावर त्यांच्या त्या निर्विकार चेहऱ्याची आणखीच गंमत वाटते.

मराठी प्रेक्षकाला यात एक वेगळा गुंता आहे. आपण सगळे मोनिशा आहोत. दुधाच्या पिशव्या धुऊन वाळत घालणारे, हॉटेलातून बडीशेप पुडीत बांधून आणणारे. तरी बाजू मायाची घ्यावीशी वाटते. आतिश कपाडियांच्या लेखनाची ती करामत आहे.

साराभाई आवडली तर ‘खिचडी’ लगेच घ्या. तीही कपाडिया आणि जे. डी. मजेठिया यांच्याच कंपनीची, २००२ ची. पारेख कुटुंबाला जुना वाडा विकून वेगवेगळं व्हायचं आहे, पण बाबूजी म्हणतात, मी गेल्यावर विका. तेवढ्या कारणावर सगळे एका छपराखाली. साराभाईंचा विनोद शब्दांत धारदार, तर इथला शुद्ध वेडेपणाचा. सुप्रिया पाठकची हंसा एखाद्या इंग्रजी शब्दाचा अर्थ विचारते आणि राजीव मेहताचा प्रफुल आत्मविश्वासाने वाट्टेल ते सांगतो. त्यातलं तर्कशास्त्र शोधू नका. दोन्ही मालिका लागोपाठ पाहिल्या की सख्ख्या बहिणी असलेल्या रत्ना आणि सुप्रिया पाठक किती दोन टोकांची कामं करू शकतात तेही दिसतं.

पायरी चौथी : मग कचेरीत चला

घरगुती मालिका दोन-तीन झाल्या की कचेऱ्यांकडे वळा. इथे विनोदाला दात आहेत.

सुरुवात जसपाल भट्टींच्या ‘फ्लॉप शो’ने. दूरदर्शन, १९८९, अवघे दहा भाग. दोन संध्याकाळींत संपते. प्रत्येक भाग एका वेगळ्या ठगीवर : टेलिफोन खात्याची मिजास, वैद्यकीय बिलांचे पैसे काढण्यासाठी केलेली सोंगं, कंत्राटदार, प्रमुख पाहुणे मिळवण्याची धडपड. शेवटी एखाद्या हिंदी गाण्याचं विडंबन. श्रेयनामावलीत दिग्दर्शनाऐवजी ‘मिसडायरेक्टेड बाय’ असं लिहिणारे भट्टी सरकारी वाहिनीवर बसून सरकारी कारभाराची टोपी उडवत होते, आणि तेही एकदाही आवाज न चढवता. चित्रण साधं आहे, रंग फिके आहेत, आणि मधेच आवाज खरखरतो. पाच मिनिटांत सवय होते.

मग ‘ऑफिस ऑफिस’, २००१ पासून सब टीव्हीवर. पंकज कपूरचा मुसद्दीलाल दर भागात एका वेगळ्या कचेरीत काम घेऊन जातो, आणि टेबलामागे दर वेळी तीच माणसं : मनोज पाहवा, संजय मिश्रा, देवेन भोजानी, हेमंत पांडे, आसावरी जोशी. खाती बदलतात, वृत्ती तीच राहते, हे सांगायला याहून सोपी युक्ती सुचली नसती. संजय मिश्रा आज सिनेमात कुठल्या कुठे पोचले आहेत, पण त्यांचा इथला पान चघळणारा शुक्ला बघितल्याशिवाय तो नट पूर्ण कळत नाही. एक सूचना : सलग पाहू नका. साचा एकच असल्यामुळे तिसऱ्या भागाला कंटाळा येईल. एखाद्या सरकारी कामासाठी खेटे घालून आलेल्या दिवशी एक भाग, एवढं प्रमाण ठीक.

‘वागले की दुनिया’ (१९८८) या दोन्हींपेक्षा मवाळ. व्यंगचित्रकार आर. के. लक्ष्मण यांच्या कल्पनेतला सामान्य माणूस, कुंदन शाह यांचं दिग्दर्शन. अंजन श्रीवास्तव आणि भारती आचरेकर हे जोडपं इतकं खरं वाटतं की त्यांची आडनावं लोक आजही वागलेच समजतात. एका भागात कोवळा शाहरुख खानही दिसतो. २०२१ मध्ये सोनी सबवर हीच दुनिया पुढच्या पिढीसह परत आली, सुमीत राघवनला घेऊन. पण ती रोजची. पहिली पायरी आठवा आणि ठरवा.

पायरी पाचवी : दूरदर्शनच्या जुन्या मालिका, पण निवडून

आठवणीतल्या सगळ्याच गोष्टी आज पाहवत नाहीत. आईवडिलांच्या डोळ्यांत पाणी येतं म्हणून मालिका चांगली असेलच असं नाही. त्यांना त्या वेळचं घर आठवत असतं.

‘ये जो है ज़िंदगी’ (१९८४) मात्र टिकली आहे. लेखक शरद जोशी. हे हिंदीतले व्यंगकार, आपल्या शेतकरी संघटनेचे शरद जोशी नव्हेत. शफी इनामदार, स्वरूप संपत आणि राकेश बेदी घरात, आणि सतीश शाह दर आठवड्याला निराळ्याच अवतारात. साराभाई आधी पाहिली असेल तर इंद्रवदनची तयारी वीस वर्षं आधीपासून चालली होती हे लक्षात येतं. ‘देख भाई देख’ (१९९३) ही दिवाण कुटुंबाच्या तीन पिढ्यांची मालिका अजूनही तरतरीत आहे. गोंधळ, धावपळ, दारांची उघडझाप. मराठी फार्स पाहून वाढलेल्यांना लगेच जमेल.

‘ज़बान संभाल के’ (१९९३) बघताना मात्र काळाचं भान ठेवा. ‘माइंड युअर लँग्वेज’ या ब्रिटिश मालिकेवरून बेतलेली. हिंदी शिकायला आलेले नाना प्रांतांचे विद्यार्थी आणि त्यांच्यापुढे वैतागलेले पंकज कपूर. शुभा खोटे आणि विजू खोटे ही बहीणभावंडंही आहेत. पण प्रत्येक प्रांताचा माणूस म्हणजे एक ठरलेला उच्चार, एवढ्यावरच सगळं उभं आहे. दोन-चार भाग मजेत जातात, पुढे अवघडायला होतं. ‘श्रीमान श्रीमती’ (१९९४) तर आणखी अडचणीची. जतिन कनाकिया आणि रीमा लागू यांचं केशव-कोकिळा कुलकर्णी हे जोडपं लाजवाब आहे, कनाकियांचं टायमिंग बघत राहावं असं. पण गाडी सगळी ‘शेजाऱ्याची बायको’ याच रुळावर. बऱ्याच वर्षांनी आलेली ‘भाभीजी घर पर हैं’ त्याच घाटाची. कुलकर्णी पती-पत्नींसाठी बघा, बाकी सोडून द्या.

मराठी कलाकारांचे दोन भन्नाट नमुने इथेच सांगून टाकतो. एक, ‘तू तू मैं मैं’, १९९४, दिग्दर्शक सचिन पिळगावकर. सासू रीमा लागू, सून सुप्रिया पिळगावकर. दोघींच्या वयात प्रत्यक्षात नऊ वर्षांचंच अंतर, पण पडद्यावर पिढी बदललेली दिसते. दुसरा, ‘हम पाँच’, १९९५, झी टीव्ही. पाच मुलींचा बाप अशोक सराफ, आणि भिंतीवरच्या फोटोतून बोलणारी त्याची दिवंगत पहिली बायको प्रिया तेंडुलकर. फोटोतल्या बायकोशी चाललेला अशोकमामांचा संवाद म्हणजे निव्वळ चेहरा आणि थांबे. मालिका पुढे लांबली. सुरुवातीचे भाग घ्या. विद्या बालनही त्यात एक मुलगी म्हणून दिसेल.

नवीन काही हवं असेल तर

‘दिल दोस्ती दुनियादारी’ (२०१५, झी मराठी) हा माझ्या नियमाचा अपवाद. रोजची असूनही चांगली, कारण काही महिन्यांतच थांबली. मुंबईत एका घरात राहणारे सहा जण, घराचं नाव ‘माजघर’. अमेय वाघचा कैवल्य आणि सुव्रत जोशीचा सुजय यांच्यासाठी बघा. पुण्यामुंबईत भाड्याच्या खोलीत राहिलेल्या कोणालाही हे घर ओळखीचं वाटेल.

‘पंचायत’ (२०२० पासून, प्राइम व्हिडिओ) बहुतेकांनी पाहिली असेल. नसेल तर पहिला हंगाम आजच लावा, आठच भाग आहेत. उत्तर प्रदेशातलं फुलेरा गाव, नाइलाजाने आलेला सचिव, आणि प्रधानबाईंच्या वतीने कारभार हाकणारे प्रधानपती. ते काम करणारे रघुवीर यादव म्हणजे ‘मुंगेरीलाल के हसीन सपने’ या जुन्या मालिकेतले मुंगेरीलाल. पुढच्या हंगामांत निवडणुकीचं राजकारण वाढत जातं आणि हसू पातळ होतं. दुसऱ्या हंगामापर्यंत माझी हमी.

‘महाराष्ट्राची हास्यजत्रा’ आणि ‘चला हवा येऊ द्या’ या मालिका नव्हेत, त्यात स्किट असतात. जेवताना दहा-पंधरा मिनिटं हवी असतील तर हास्यजत्रा उत्तम. समीर चौघुले, नम्रता संभेराव, प्रसाद खांडेकर यांची स्किटं शोधून पाहा. फक्त एका बैठकीत दोनच. तिसऱ्या स्किटपर्यंत परीक्षकांचं हसणं आपल्या हसण्याच्या पुढे निघून जातं.

शोधायचं कुठे आणि लावायचं कसं

झी मराठीच्या मालिका झी फाइव्हवर, सोनी मराठीच्या सोनी लिव्हवर आधी शोधा. स्टारच्या जुन्या मालिकांसाठी हॉटस्टार, आता जिओहॉटस्टार. दूरदर्शनच्या काळातल्या बऱ्याच यूट्यूबवर सापडतात. हक्क या घरातून त्या घरात फिरत असतात, त्यामुळे केवळ एका मालिकेसाठी वर्षाची वर्गणी भरू नका. आधी ती आहे का बघा, आणि सगळे भाग आहेत का तेही.

यूट्यूबवर तीन गोष्टी तपासा. भागाची लांबी वीस-बावीस मिनिटांच्या आसपास आहे ना? चार मिनिटांचे ‘बेस्ट सीन’ असतील तर तिथून निघा. चित्र आरशातल्यासारखं उलटं किंवा आवाज चिरका वाटतोय का? तसं असेल तर तो चोरून चढवलेला भाग आहे, दुसरा शोधा. आणि प्लेलिस्टचा क्रम बघा. कित्येक ठिकाणी शेवटचा भाग सगळ्यात वर असतो, आणि माणूस मोनिशाला ओळखण्याआधीच शेवटाला पोचतो.

जुन्या काही मालिकांत मागून हसण्याचा आवाज पेरलेला असतो. पहिल्या भागात तो फार खुपतो. आवाज थोडा कमी ठेवा. घरात ऐकायला कमी येणारं कोणी असेल तर जिथे मिळतील तिथे सबटायटल लावा. साराभाईसारख्या मालिकेत शब्द निसटला की विनोदही निसटतो.

रोज दोन भागांच्या वर जाऊ नका. आठवड्याला एक या हिशेबाने लिहिलेली मालिका एका रविवारी वीस भाग पाहिली की पालुपदं टोचायला लागतात आणि दोष बिचाऱ्या लेखकाला मिळतो. शक्य असेल तर कोणाबरोबर तरी बघा. टिपरे आजी-आजोबांबरोबर, साराभाई मित्रांबरोबर, फ्लॉप शो ऑफिसातल्या सहकाऱ्याबरोबर. ‘श्रीमान श्रीमती’ एकट्यानेच बघितलेली बरी. साराभाईंचा २०१७ मध्ये हॉटस्टारवर आलेला दुसरा हंगाम सगळ्यात शेवटी ठेवा. जुन्या माणसांना भेटल्याचा आनंद आहे, त्यापलीकडे अपेक्षा नको.

शेवटची पायरी : आता तुम्ही दुसऱ्याला सुचवणार

दोन-तीन मालिका झाल्या की तुमच्याकडेही ‘काहीतरी सांग ना’ अशी विचारणा येईल. तेव्हा मालिकेचं नाव सांगू नका, एक भाग सांगा, आणि माणूस बघून सांगा. नवीन लग्न झालेलीला ‘तू तू मैं मैं’ सासूबाई घरात असताना नको. सोसायटीच्या सेक्रेटरीला भिडे मास्तरांचा कुठलाही भाग चालेल, तो स्वतःला ओळखणार नाही. आणि ‘फ्लॉप शो’मध्ये पीएचडीच्या गाइडवर एक भाग आहे, विद्यार्थ्याला घरची सगळी कामं करायला लावणारा गाइड. तो पीएचडी करणाऱ्या कोणालाही पाठवा, पण मौखिक परीक्षा पार पडल्यानंतर. त्याआधी पाठवलात तर तो गाइडसमोर बसला असताना त्याला नको तेव्हा हसू फुटेल.